पाच मैत्रिणी, पाच रात्री आणि सात पॉइंट

प्रश्न : ताई, आम्ही पाच जणी १९८६ सालच्या दहावीच्या वर्गमैत्रिणी. आता सगळ्या पंचावन्न-छप्पन्नच्या. येत्या फेब्रुवारीत अंदमानला जायचं ठरवतो आहोत. एका एजंटाने सहा दिवस, पाच रात्रींचं पॅकेज दिलंय. त्यात पोर्ट ब्लेअर, रॉस, नॉर्थ बे, हॅवलॉक, एलिफंट बीच, नील आणि बाराटांग, असं सगळं आहे. पाचांपैकी चौघींना पोहता येत नाही. एकीचा गुडघा बदललेला आहे. आणखी एक जण खर्चाचा विषय निघाला की ग्रुपवर गप्प होते. घरचे म्हणतात, या वयात समुद्रावर जाऊन करणार काय? जावं का? पॅकेज घ्यावं का? — एक वाचक, सांगली

उत्तर : जा. नक्की जा. आणि फेब्रुवारी निवडलात हे फार चांगलं केलंत. अंदमानला पाऊस दोनदा लागतो. मेच्या मध्या-अखेरीपासून नैर्ऋत्येचा, आणि तो ओसरतोय तोवर ईशान्येचा, तो पार नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत. जानेवारी ते एप्रिल समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं. तुमच्यासारख्या पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्यांना हाच काळ योग्य.

माझी हरकत आहे ती त्या पॅकेजला. पाच रात्रींत सात ठिकाणं म्हणजे रोज पहाटे बॅग भरायची, जेट्टीवर रांग लावायची, उन्हात तासभर फोटो काढायचे आणि परत बोट. मी चार वेळा अंदमानला गेले, चारही वेळा मैत्रिणींबरोबर. पहिल्या खेपेला आम्हीही असाच कागद हातात धरून फिरलो. त्या सहलीतल्या जेट्ट्या मला आजही एकूण एक आठवतात. पाण्याचा रंग मात्र मी नीट पाहिला तो दुसऱ्या खेपेला.

आणि त्या पहिल्या खेपेचा शेवट सांगते, कारण तुमच्या पॅकेजातही तीच चूक होऊ शकते. शेवटच्या दिवशी सकाळी नीलहून बोट, दुपारी विमान, असं आखलेलं होतं. नोव्हेंबर होता. आदल्या रात्री वारा सुटला आणि सकाळी बोटी बंद. पाच बायका, नऊ बॅगा, जेट्टीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पावसाच्या झडीत बसलेल्या. विमान गेलं. एजंटाने फोन उचलणं सोडलं. तिकिटं नव्याने काढावी लागली, तीही चढ्या भावाने. तेव्हापासून माझा नियम पक्का आहे : परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. फेब्रुवारीतसुद्धा. (सप्टेंबर २०२४ मध्ये शहराचं नाव श्री विजयपुरम झालं, हॅवलॉक आणि नील २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप आहेत. बोलण्यात जुनी नावंही चालतात. तिकिटावर दोन्हींपैकी कुठलंही दिसलं तर गोंधळू नका.)

एक रात्र वाढवा आणि ठिकाणं कमी करा. पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, मग तीन रात्री हॅवलॉक, एक नील, शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर. नॉर्थ बे सोडा. बाराटांगही सोडा, आणि याचं कारण वेगळं आहे. तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. गाड्या ताफ्याने सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. तरीही गाडीतली माणसं काचेला नाक लावून जंगलात माणसं ‘दिसतायत का’ ते बघतात. मी एकदा त्या गाडीत बसले आहे. पुढच्या सीटवरच्या मुलाला त्याची आई म्हणाली, “बघ बघ, तिकडे!” मला शरम वाटली. बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा सुंदर आहेत, तरी त्या वाटेने मी पुन्हा जाणार नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही.

मी तीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून घड्याळाचं आधी सांगते. पोर्ट ब्लेअर सांगलीच्या अठरा रेखांश पूर्वेला आहे. एका रेखांशाला चार मिनिटं धरली तर सूर्य तिथे सव्वा तास आधी उगवतो आणि सव्वा तास आधीच मावळतो. घड्याळ मात्र आपलंच. सांगलीत फेब्रुवारीत साडेसहा होऊन गेल्यावर दिवस मावळतो. तिथे साडेपाचच्या आतबाहेर मावळतो. दुपारी जेवून, डुलकी काढून, चहा घेऊन पाचला निघालात तर हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचेपर्यंत अंधार. आमची एक सहल अशीच फुकट गेली. चारला वाळूवर असा. त्याउलट पहाटे साडेपाचला उजाडायला लागतं, तेव्हा विजयनगर किंवा कालापत्थरच्या किनाऱ्यावर चहाचा थर्मास घेऊन बसा. हे किनारे पूर्वेकडे तोंड करून आहेत, राधानगर पश्चिमेकडे. २००४ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने राधानगरला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तेव्हापासून संध्याकाळी तिथे गर्दी असते. सकाळी आठला जा. ओली, घट्ट, पांढरी वाळू, मागे उंचच उंच झाडं, आणि माणसं बोटांवर मोजण्याइतकी. गुडघा बदललेल्या मैत्रिणीला चालायला याहून चांगली जागा सापडणार नाही. मऊ कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्याला पीळ बसतो. ओल्या वाळूत तसं होत नाही.

आता भरती-ओहोटी. माझे वडील खाडीकाठचे. ते तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ सांगायचे : चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा आहे, अंदमानात त्या वेळा जुळत नाहीत. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, हे तिथेही खरं. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खूप मागे जाते. नीलला लक्ष्मणपूर दोन नंबरला खडकाची नैसर्गिक कमान आहे. तिथल्या बंगाली वस्तीतले लोक तिला हावडा ब्रिज म्हणतात. ती बघायची तर ओहोटीच हवी, कारण वाट खडकांतून आहे. उलट भरतपूरला ओहोटीत पाणी इतकं उथळ होतं की मास्क लावून तरंगताना पोट प्रवाळाला लागेल. तिथे भरती बघून जायचं. हॉटेलवाल्याला रात्रीच विचारा, “उद्या पाणी कधी चढतंय?” आणि दिवस त्याप्रमाणे आखा. कमानीपर्यंतचे खडक शेवाळाने निसरडे असतात. गुडघेवाल्या मैत्रिणीने तिथे जाऊ नये, आणि तिला एकटीला काठावर बसवून बाकीच्यांनीही जाऊ नये. दोघी-दोघी आळीपाळीने जा.

हॅवलॉकच्या एलिफंट बीचला जंगलातून पायवाट आहे आणि जेट्टीवरून बोटही जाते. तुम्ही बोटीने जा. बोटीतून उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो. नावाड्याला आधी सांगून ठेवा, ते हात देतात. बोट लागण्याचा त्रास असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्या. बोटीवर मध्यभागी बसा आणि मोबाइलमध्ये न बघता क्षितिजाकडे बघा.

पोहता न येणाऱ्या चौघींबद्दल आता सविस्तर. घरच्यांच्या “या वयात करणार काय” याचं उत्तर याच्यातच आहे.

स्नॉर्केलिंगला, म्हणजे मास्क आणि नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघायला, पोहणं यावं लागत नाही. लाइफ जॅकेट असतं, हवा भरलेली रिंग असते आणि एक मुलगा ती रिंग धरून तुम्हाला ओढत नेतो. अडचण दुसरीच असते. नाक बंद झालं की आपण घाबरतो. तोंडाने श्वास घेण्याची सवय नसते, म्हणून पहिल्या मिनिटाला माणूस मास्क उपटून टाकतो आणि “मला नको” म्हणून किनाऱ्यावर येऊन बसतो. यावर आमच्या एका मैत्रिणीने उपाय काढला. तिने बाजारातून मास्क आणि नळी आणली आणि न्हाणीघरात मोठ्या घमेल्यात पाणी भरून रोज पाच मिनिटं त्यात तोंड बुडवून बसायला लागली. पहिल्या दिवशी दहा सेकंद. दोन आठवड्यांनी ती घमेल्याच्या तळाशी ठेवलेली नाणी मोजत होती. अंदमानात पाण्यात उतरल्यावर आम्हा सगळ्यांत ती सर्वांत निवांत होती. तुमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत दहा महिने आहेत. घमेलं करा, आणि जमलं तर तलावावरच्या बायकांच्या बॅचला महिनाभर जा. पोहायला नाही आलं तरी चालेल. पाण्यावर उताणं पडून राहता आलं, एवढं पुरे.

मास्कची काच घट्ट बसायला हवी, केसाची एक बटही आत अडकली तर पाणी येतं. काच धुरकटू नये म्हणून आतून थुंकी लावून विसळायची. हे घाणेरडं वाटेल, पण तिथले पाणबुडेही हेच करतात. लांबचं न दिसणाऱ्या चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आधीच करून न्यावा, तिथे मिळेल याचा भरवसा नाही. फक्त वाचायचा चष्मा असणाऱ्यांना काळजी नको. पाण्यात वस्तू साधारण एक तृतीयांश मोठ्या दिसतात.

कपड्यांचं कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. बऱ्याच बायका पाण्याच्या भीतीने नाही, तर ओल्या अंगाच्या संकोचाने किनाऱ्यावर बसून राहतात. सुती पंजाबी ड्रेस भिजला की जड होतो आणि अंगाला चिकटतो, साडी तर पायात गुंडाळते. नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट आणि जाड लेगिंग्ज घ्या. अंग झाकलेलं राहतं, ऊन भाजत नाही, आणि सनस्क्रीन फक्त तोंडाला आणि हातापायांना पुरतं. त्यातली काही रसायनं प्रवाळाला घातक असतात, म्हणून जितकं कमी पाण्यात जाईल तितकं बरं. पायात रबरी तळाचे बूट असू द्या.

आणि प्रवाळावर उभ्या राहू नका, ताई. घाबरलं की पाय आपोआप तळ शोधतात, मला माहीत आहे. पण तो तळ जिवंत असतो. गोल दगडासारखी दिसणारी प्रवाळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आपल्या एका टाचेने मोडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं जातात. अंदमानच्या प्रवाळाने २०१० च्या उष्ण पाण्यात फार सोसलं आहे, पुष्कळ भाग पांढरे पडून मेले. पाय दमले तर रिंग धरा, गाइडला हाक मारा.

स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, करायचं असेल तर आरोग्याचा फॉर्म खरा भरा. रक्तदाब, दमा, कानाचा त्रास काहीही लपवू नका. आणि त्यानंतर किमान अठरा तास विमानात बसू नका. मी तर पूर्ण दिवस मोकळा ठेवते.

पोहायला जिथे लोक आहेत तिथेच उतरा. किनाऱ्यावरचे मगरीचे फलक गंभीरपणे घ्या. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखरच आहेत, आणि २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात त्यामुळे एका परदेशी तरुणीचा जीव गेला. खाडीच्या तोंडाशी, खाजणाजवळ, अंधार पडल्यावर पाण्यात जायचं नाही. लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा शांत आणि गडद दिसला तर तिथे पाण्याला ओढ असते. ती शांत जागा बघून लोक फसतात. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झगडत येऊ नका, दम संपतो. आडवं, किनाऱ्याला समांतर सरकायचं किंवा नुसतं तरंगून हात वर करायचा. आणि तुमच्यातल्या पोहता येणाऱ्या एकीला बाकीच्यांची राखण करायला लावू नका. तिलाही सुट्टी आहे. राखणीला गाइड असतो.

आता तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य : खर्चाचा विषय निघाला की गप्प होणारी मैत्रीण.

आमच्या पाचांतही अशी एक होती. शिवणकाम करायची. पहिल्या सहलीत आम्ही चौघी स्कूबाला गेलो, ती म्हणाली, “मला पाण्याची भीती वाटते, तुम्ही जा.” आम्ही चार तासांनी परत आलो तेव्हा ती तिथेच, आमच्या चपला आणि पर्सेस सांभाळत बसलेली होती. भीती नव्हती, पैसे नव्हते, हे मला दोन वर्षांनी कळलं. आजही ते आठवलं की घशाशी येतं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

म्हणून आकडा तिच्यापासून सुरू करा. ग्रुपवर नाही. तुम्ही एकटीने तिच्या घरी जा, चहा घ्या, आणि “तुला परवडेल का?” असं न विचारता “माणशी किती धरायचे, तू सांग” असं विचारा. ती जो आकडा सांगेल त्यात सहल बसवा. सगळ्यांसमोर “तुझे मी भरते” असं कधी म्हणू नका. दुसऱ्या सहलीच्या वेळी आम्ही भिशी लावली. दर महिन्याला पाच जणींनी सारखीच रक्कम टाकायची, आणि नंबर कुणालाच लावायचा नाही, सगळं अंदमानला. दहा महिन्यांत तिकिटं निघाली. मोठा खर्च विमानाचा असतो, ते लवकर काढलं की स्वस्त पडतं. तिथे सरकारी बोट खासगी बोटीपेक्षा बरीच स्वस्त आहे. वेळ जास्त लागतो, पण डेकवर उभं राहून वारा खाता येतो, खासगी बोटीच्या बंद एसी डब्यात तो मिळत नाही. आणि वाळूवर बसायला पैसे पडत नाहीत. स्कूबा वगैरे ज्याचं त्याने, पण कुणी जाणार नसेल तर एक जण तिच्याबरोबर थांबेल, हे आधीच ठरवून ठेवा. दुसऱ्या खेपेला ती आमच्याबरोबर भरतपूरला पाण्यात उतरली. वर आली तेव्हा मास्क काढायलाच तयार नव्हती, नळीतूनच काहीतरी बोलत होती.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरमध्ये सेल्युलर जेल बघा. सावरकर इथेच कैदेत होते, विमानतळालाही त्यांचंच नाव आहे. तुरुंगाचं काम १८९६ ते १९०६ या काळात झालं. मधल्या मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती होत्या, आज तीन उरल्यात. प्रत्येक इमारतीचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे एका कैद्याला दुसरा दिसू नये. बाबाराव आणि तात्याराव (विनायक) सावरकर हे दोघे भाऊ याच भिंतींत होते. कोठडीत शिरून दार ओढून घ्या आणि दोन मिनिटं थांबा. तात्यारावांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर आहे, जिना आहे, म्हणून गुडघेवाल्या मैत्रिणीला आधी विचारा. हे सहलीच्या सुरुवातीलाच करा, शेवटी ठेवलं तर थकलेल्या मनाने नीट बघणं होत नाही.

प्रश्न : आम्ही सहा मित्र हॅवलॉकला जातोय. दोघं शुद्ध शाकाहारी. खाण्याची आबाळ होईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : होणार नाही. या बेटांवर पूर्व बंगालमधून आलेली निर्वासित कुटुंबं वसली आहेत, त्यामुळे डाळ, भात, भाजी सगळीकडे मिळते. नीलच्या शेतातली भाजी तर साऱ्या अंदमानला जाते. मासे खाणाऱ्या मित्रांनी एवढं करावं : संध्याकाळी जेवायला बसण्याआधीच शाकाहारी जेवण सांगून ठेवावं, लहान ठिकाणी ते वेगळं करायला वेळ लागतो. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर असू द्या. रोख पैसेही न्या, तिथे एटीएम थोडी आहेत.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. शाळेच्या संग्रहासाठी शंख-शिंपले आणि पोवळ्याचे तुकडे आणले तर चालतील का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही, बाई. प्रवाळ आणि कित्येक शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, परतताना विमानतळावर सामान तपासतात, आणि किनाऱ्यावर पडलेला तुकडा होता हे सांगून सुटका होत नाही. मुलांना एक गोष्ट दाखवता येईल : रिकाम्या शंखात घर करणारा खेकडा. तो मोठा झाला की आधीचा शंख सोडून मोठा शोधतो. संध्याकाळी वाळूवर शांत बसलात तर ही घर बदलण्याची धडपड दिसते. त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि वर्गात लावा.

प्रश्न : रात्री समुद्र चमकतो म्हणतात. आम्ही चौघं मित्र पौर्णिमेला पोचतोय. दिसेल का? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पौर्णिमेला निराशा होईल. पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हलल्यावर निळसर उजेड टाकतात, तो इतका मंद असतो की चांदण्यात विरून जातो. तिकिटं बदलता येत असतील तर अमावास्येच्या आसपासची घ्या. हॅवलॉकला खाजणातून रात्री कयाकमधून, म्हणजे वल्ह्याच्या लहान होडीतून, नेतात, तेही गाइडबरोबरच जा, मगरींचं वर लिहिलं आहे ते इथेही लागू आहे. दारू पिऊन बसू नका. मोबाइल पिशवीत टाका, टॉर्च बंद ठेवा, दहा-पंधरा मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. मग वल्हं हळू पाण्यात घाला आणि त्याच्या पात्याकडे बघा.